लाल टोपी

मुज्तबा सर लातूरच्या एका कॉलेजचे कंत्राटी खो-खो प्रशिक्षक होते आणि विद्यापीठाच्या संघाचे निवडकर्तेही तेच. म्हणून त्यांनी स्वतःपुरता नियम केला होता: कॉलेजची लाल टोपी डोक्यावर असली की प्रशिक्षक, काढली की निवडकर्ते. नांदेडच्या निवड चाचणीत शेवटची एकच जागा उरली. सरांच्याच कॉलेजकडून आलेली, संस्थाध्यक्षांची भाची अर्ध्या मिनिटात बाद झाली. भूकंपानंतर वसवलेल्या गावातली, दुसऱ्या कॉलेजची पोरगी चार मिनिटं कुणाच्या हाती लागली नाही. पाहुण्यांच्या खुर्चीतून अध्यक्ष हळूच म्हणाले, "सर, तुमचा करार मार्चला संपायलाय, ध्यानात हाय न्हवं?" सरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि यादीत त्या पोरीचं नाव लिहिलं. मग टोपी घालून टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि कारकुनाला म्हणाले, "आमच्या कॉलेजचा आक्षेप लिहून घ्या." आपला खेळाडू डावलला गेला तर आक्षेप घ्यायचा, असं करारात कलमच होतं. कारकुनानं लिहून घेतलं आणि विचारलं, "ह्याचा निकाल कोण देणार, सर?" "मीच की." सर परत खुर्चीवर बसले, टोपी काढली, आक्षेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि खाली लिहिलं: फेटाळला. अध्यक्ष उठले. "सर, टोपी घाला अन् गाडीत बसा. वाटेत बोलू." सरांनी टोपीवरची धूळ झटकली, नीट घडी घातली आणि ती अध्यक्षांच्या हातात दिली. "ही न्या. मी एस्टीनं येतो."