पांढरे झेंडे

तारवाल्याने अंगणाच्या कडेने तार पुरली आणि तिच्यावर चिमुकले पांढरे झेंडे रोवले. "आठ दिवस वापरून बघा, मावशी. कुत्रा तारेजवळ गेला की गळ्यातला पट्टा वाजेल, पुढे गेला तर विजेचा झटका. नको वाटलं तर उपटून नेतो."

शिवणकाम करणाऱ्या मावशींचं मन काही धजेना. त्यांचा कुत्रा ठोंब्या सारखा रस्त्यावर पळायचा हे खरं, पण मुक्या जिवाला झटका द्यायचा?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या मशीनवर बसल्या होत्या. ठोंब्या पायाशी घोरत होता. तेवढ्यात पट्टा वाजला.

मावशींनी खिडकीतून पाहिलं. झेंडे कडेला नव्हतेच. ते पायरीला खेटून ओळीने उभे होते आणि माती कुठेच उकरलेली नव्हती.

"नकोच मेली ती तार!" त्यांनी ठोंब्याच्या गळ्यातला पट्टा सोडला. ठोंब्या धूम पळाला, थेट झेंड्यांपलीकडे. तिथून तो मावशींकडे बघून केविलवाणं रडू लागला.

पट्टा हातात वाजतच होता. मावशी भिंतीपर्यंत मागे सरकल्या, तसा आवाज वाढला. त्यांनी पट्टा खिडकीबाहेर भिरकावला.

आवाज थांबला नाही. तो अगदी हनुवटीखालून येत होता.

मावशींनी हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावला.