पान लागलं

"घरात कुणाला साप चावला होता का?" वृषालीनं विचारलं.

"न्हाय बाई, भलतंसलतं कशाला बोलता?" मालनबाई घाईनं म्हणाल्या. अंगणात जमलेल्या बायांनीही माना हलवल्या.

वृषालीनं तक्त्यात शून्य मांडलं. उमरग्याजवळच्या या गावातलं हे शेवटचं घर. महिनाभरात चारशे घरं पालथी घातली, उत्तर एकच. आज अहवाल गेला की इथल्या दवाखान्यातली सर्पदंशावरची इंजेक्शनं दुसऱ्या तालुक्याला जाणार होती. जिथं साप चावतच नाही, तिथं ती ठेवून करायचं काय? पुण्याची हुशार डॉक्टर ती, स्वतःच्या कामाबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

शंका होती ती डॉ. बांडांना. मलावीचे हे शास्त्रज्ञ विषांवर संशोधन करत आणि मायदेशात कवी म्हणूनही गाजलेले होते. परवाच ते तिच्या पथकात आले होते आणि गावानं पहिल्याच दिवशी त्यांचा बंडप्पा करून टाकला होता. कवीची खोड काही सुटत नव्हती. नुसत्या भाषांतरावर गडी खूश नाही, मूळ शब्द पाहिजेच. वृषाली पार वैतागली होती.

"या घरातलं कुणी वारलंय का, विचारा," ते इंग्रजीत म्हणाले.

तिनं विचारलं. मालनबाईंचा आवाज खाली आला.

"ल्योक गेला. उसाला पाणी द्यायला गेल्ता. पान लागलं."

"मुलगा. काहीतरी आजार," वृषालीनं सांगितलं.

"शब्द काय वापरला त्यांनी?"

"पान! झाडाचं पान लागलं म्हणे. खेड्यातली माणसं, डॉक्टर, काहीही बोलतात. पुष्कळ घरांत हेच ऐकलंय मी."

"पुष्कळ?" बांडांनी पेन खाली ठेवलं. "माझी आई 'दोर' म्हणायची. खरं नाव घेतलं की तो घरात शिरतो, म्हणून."

वृषालीला काही उमजेना. तोवर बांडांनी बूट काढून पँट वर सारली होती. घोट्याच्या वर जुना, सुरकुतलेला व्रण होता, आणि त्यात दोन खोल ठिपके. मालनबाई वाकल्या. व्रणावर बोट ठेवलं आणि त्यांचा दुसरा हात तोंडावर गेला.

"आगं बया! बंडप्पाला बी पान लागलंय की!"

वृषालीचा चेहरा खर्रकन उतरला. 'साप' हा जो शब्द इथं कुणी तोंडातून काढत नव्हतं, तोच घेऊन ती चारशे उंबरे झिजवत हिंडली होती. तिला मनापासून लाज वाटली. पण अहवाल अजून तिच्याच हातात होता. तिनं शून्यावर काट मारली आणि अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मावशी, गावात पान कुणाकुणाला लागलं?"

एकच गलका उठला. जी ती आपल्या घरातलं नाव सांगू लागली. मालनबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"थांबा गं," त्या म्हणाल्या, आणि वृषालीच्या शेजारी येऊन बसल्या. "पयलं नाव माझ्या राजपालचं लिवा."