सेनापतींचा धाकटा नातू

जुनी दप्तरं तीन वर्षं उपसून काकांनी एकदाचं घराण्याचं मूळ एका नामांकित सेनापतींशी नेऊन भिडवलं. सेनापतींचा धाकटा नातू म्हणजेच आपले खापरपणजोबा! सोनेरी चौकटीतली वंशावळ बैठकीत लागली आणि काका दूधवाल्याशीसुद्धा मिशीला पीळ देऊन बोलू लागले.

दप्तरखान्यात नोकरीला असलेल्या पुतणीने एक दिवस त्या नातवाच्या मृत्यूची नोंदच आणून दाखवली. "काका, हा तर चौथ्या वर्षीच तापाने गेला."

"अरेरे, कोवळं पोर गं!" काका मनापासून हळहळले. मग त्यांची नजर सोनेरी चौकटीवर गेली.

 

"पण काय आहे बाळ, त्या काळी लग्नं फार लवकर व्हायची."