केंद्रासमोरची जागा

“वाजवा हो, किती वाजवायची ती घंटी!” शिलाईवाली माइकमध्ये म्हणाली आणि सभागृहात हशा पिकला. प्रत्येकाला दोनच मिनिटं, असा नगरपालिकेच्या या सुनावणीचा नियम. पण दुकानदार दहा-दहा मिनिटं बडबडले, तेव्हा त्या घंटीला डुलकी लागली होती. पार्किंगची मीटरं आली आणि गिऱ्हाईक पळालं, हे एकच रडगाणं एकामागून एक सगळ्यांनी गायलं. मागे दाराशी बसलेल्या तिच्या नवऱ्याला ते ऐकूनच मळमळायला लागलं होतं.

“यांचं डायलिसिस चार तासांचं,” ती सांगत होती. “तुमचं मीटर दोन तासांचं. आठवड्यातून तीनदा मी यांना मशीनवर सोडून खाली पळते. गाडी काढायची, वळसा घालायचा, दुसरीकडे लावायची. परवा नेमकं तेव्हाच यांचं बीपी कोसळलं. नर्स मला शोधतेय, आणि मी जागा शोधतेय! माझ्या माघारी यांचं काही बरंवाईट झालं, तर कुणाला जाब विचारू?”

टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडावर तीच गुळचट कणव. शी! आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करून मानाने जगलेला माणूस तो. आता त्याच्या निकामी किडन्यांवर चष्मेवाला आणि बूटवाला असले दुकानदार टाळ्या पिटत होते. त्याला उमासा आला. तो भिंतीला धरून बाहेर पडला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसला.

आत बराच वेळ कुणीतरी एकटंच सावकाश काहीतरी बोलत होतं. मग बायकोचा आवाज चढला, आणि पाठोपाठ छप्पर उडेल असा गोंगाट झाला.

ती बाहेर आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. मागून तिची पिशवी धरून व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे तो चष्मेवालाच. “भावाला हाक मारा ताई, केव्हाही!” म्हणत त्यांनी पिशवी दिली आणि गर्दीत मिसळले.

“जिंकलो हो!” ती म्हणाली. “मीटरं उपटणार!”

“नगरपालिकेचा इंजिनिअर काय म्हणाला?”

“काय म्हणणार? त्याची बोलतीच बंद झाली,” असं म्हणून ती पिशवीत गाडीची किल्ली शोधायला लागली.

पंधरा दिवसांत मीटरं गेली. सोमवारी सकाळी ती नवऱ्याला घेऊन निघाली, ती गुणगुणतच. “आज चारही तास तुमच्या उशाशी बसणार.”

“म्हणजे माझं मशीन नि तुझं तोंड, दोन्ही चालू,” नवरा म्हणाला. खूप दिवसांनी दोघं हसली.

डायलिसिस केंद्रासमोर जागा नव्हती. पुढच्या चौकापर्यंत नव्हती. त्यांनी एक फेरी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. एकही गाडी जागची हलेना. हलेल कशाला? पूर्वी दोन तास झाले की कुणीतरी निघायचंच. आता काही गाड्यांवर तर चक्क कव्हरं घातली होती. नऊची पाळी चुकली तर त्याची खुर्ची दुसऱ्याला जाणार आणि अंगातलं पाणी अंगातच राहणार. घड्याळात नऊला पाच मिनिटं कमी होती.

केंद्राच्या अगदी दारासमोर अध्यक्ष आपल्या गाडीला कव्हर घालत होते. तिने शेजारी गाडी थांबवली. मागून हॉर्न कोकलायला लागले.

“भाऊ, जरा काढता का हो तुमची गाडी? यांना एकट्याला जिना चढवत नाही.”

“काढून लावू कुठे, ताई?” अध्यक्षांनी कव्हराची नाडी नीट बांधली. “ही पुढची सगळी रांग आपल्याच मंडळाची. सकाळी सातलाच येऊन लावतो आम्ही. दुकान बंद होईपर्यंत घोर नाही.”

बायकोने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि ती नुसती समोर बघत होती. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. बिचारी! भोळी ती भोळी. त्याने काच खाली केली.

“लाज नाही वाटत तुम्हाला? माझ्या बायकोच्या खांद्यावर बंदूक ठेवलीत, आणि आता आयत्या बिळात नागोबा होऊन बसलात! फसवलंत तिला.”

“आम्ही फसवलं?” अध्यक्ष खरोखरच दुखावले. ते खिडकीशी वाकले. “अहो, तुम्हाला बोलल्या नाहीत का या? इंजिनिअर मीटरं ठेवून या दारासमोरच्या दोन जागा फक्त पेशंटना देत होता, कायमच्या. यांनी नुसतं हो म्हणायचं होतं. पण ताईंनी भर सभेत ठणकावलं, असली भीक नको!”