तीनशे मीटर

पाहुणा बुटांच्या नाड्या सोडायला वाकला आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ नकली आहे, हे घड्याळजींना दारातच कळलं.

ब्राँझचं, पाणबुड्यांचं घड्याळ. अस्सल असतं तर तेवढ्या पैशांत एखादी बरी दुचाकी आली असती.

मुलीने पहिल्यांदाच घरी आणलेला माणूस. बंदरात पाणबुड्या होता. जहाजांच्या बुडाला पडलेल्या भेगा पाण्याखाली जाऊन बुजवायचा. घड्याळजींच्या बायकोला तो फोटोतच आवडला होता. घड्याळजी मात्र माणसं मनगटावरून ओळखायचे. नकली घड्याळ मिरवणारा उद्या आणखी काय काय मिरवेल, याचा विचार त्यांनी सोफ्यावर टेकेपर्यंत पुरा करून टाकला.

"बघू जरा," त्यांनी हात पुढे केला.

"अहो, आधी त्याला पाणी तरी पिऊ द्या," बायको म्हणाली.

"पिऊ दे की. पाणी उजव्या हाताने पितात. घड्याळ डाव्या हातात आहे."

पाहुण्याने पट्टा सोडला. त्याच्या मनगटावर हिरवट गोल डाग उमटला होता. हा पहिला पुरावा. अस्सल घड्याळाची पाठ पोलादी असते, ती कातडीवर अशी खूण ठेवत नाही.

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं. रविवारीही ते खिशात असायचं. तबकडीभोवतीचं कडं त्यांनी फिरवून पाहिलं. पाण्यातली मिनिटं त्यावर मोजतात; ते एकाच बाजूला फिरायला हवं, म्हणजे पाण्याखाली धक्का लागला तरी टाकीतली हवा आहे त्यापेक्षा जास्त उरली आहे असं वाटत नाही. हे कडं निवडणुकीतल्या उमेदवारासारखं दोन्ही बाजूंना फिरलं. चावीचे आटे धड धरत नव्हते. कानाशी लावलं तर आतलं यंत्र दम लागल्यासारखं चालत होतं. आणि तबकडीवर ऐटीत लिहिलं होतं, 'तीनशे मीटर'.

काचेच्या आतून, अगदी कडेला, सुकलेल्या थेंबांची बारीक रांग होती.

"हे घालून पाण्यात उतरता?"

"नाही काका. हे जपून वापरतो. पाण्यात माझं जुनं प्लास्टिकचं."

घड्याळजींनी भिंगातून एकवार त्याच्याकडेच पाहिलं. थेंब आत दिसत होते. म्हणजे घड्याळ खोटं, आणि माणूसही धडधडीत खोटं बोलणारा.

"मी चहाचं बघते," मुलगी एकदम उठली. तिच्यामागून आईही आत गेली.

घड्याळजींनी आवाज खाली आणला. "हे नकली आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," पाहुणाही तितक्याच हळू म्हणाला. "भेट मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पाण्यात नेलं होतं. बारा मीटरवर काच धुकटली, पंधरावर काटे थांबले. एका मित्राकडून उघडून, वाळवून घेतलं."

"मग देणाऱ्याला जाब नाही विचारलात? सरळ फसवलं की तुम्हाला."

"तिने नाही फसवलं काका. तीच फसली. पहिल्या पगारवाढीतून घेतलंय तिने."

घड्याळजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कपबश्या वाजत होत्या.

"घड्याळजींची मुलगी असून आपण नकली घड्याळ आणलं, हे तिला कळलं तर ती स्वतःला माफ करायची नाही," पाहुणा म्हणाला. "म्हणून मघाशी तिच्यासमोर खोटं बोललो."

"आणि तुम्ही तेव्हापासून हात हिरवा करून घेताय?"

"आठ महिने. साबणाने जातो तो."

चहाचा ट्रे बाहेर आला. ट्रे मुलीच्या हातात होता आणि ती उंबऱ्यातच थांबली होती.

"झाली का तपासणी?" बायकोने विचारलं. "काय निघालं?"

घड्याळजींनी एकतीस वर्षांत एकाही नकली घड्याळाला अस्सल म्हटलं नव्हतं. सख्ख्या मेव्हण्यालाही त्याच्या साठीच्या दिवशी चारचौघांत तोंडावर सांगितलं होतं. मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता. त्यांनी भिंग खिशात टाकलं.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "असं सहसा बघायला मिळत नाही."

मग त्यांनी स्वतःच्या हाताने पाहुण्याच्या मनगटावर पट्टा बांधला. "घे रे, चहा घे. गार होतोय."

दुपारी पाहुणा निघाला. बायको त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. मुलगी कपबश्या गोळा करायला आली आणि घड्याळजींच्या खुर्चीपाशी घुटमळली.

"बाबा, कडं दोन्हीकडे फिरतं."

घड्याळजी दचकले. "कसलं कडं?"

"पाढे मी तुमच्याच कामाच्या टेबलाशी बसून पाठ केलेत. ऑनलाइन मागवलेलं, खोकं उघडलं तेव्हाच मला कळलं. पण वाढदिवस त्याच संध्याकाळी होता. म्हटलं, आज देऊ, उद्या खरं सांगून टाकू."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कामावरून आला. काचेच्या आत थेंब दिसत होते. आणि मला म्हणतो, इतकं भारी घड्याळ आहे, मी हे पाण्यात नेऊन वाया घालवणार नाही." तिने ट्रे उचलला. "तिथेच ठरवलं बाबा, लग्न करीन तर याच्याशीच."