आठवं नाव

"नावं सात म्हणजे सात. आठ झाले तर वर्ग निघेल, नाहीतर रद्द," कार्यालयातल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी संगणकाचा पडदा खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या विद्यार्थिनीकडे वळवला. 'परकीय चलनातील जोखीम' या विषयाची ओळ लाल झाली होती. मुदत आज संध्याकाळपर्यंत.

आंतरराष्ट्रीय वित्त या विशेषीकरणातला तिचा हा एकच सक्तीचा विषय राहिला होता. रद्द झाला तर तो थेट पुढच्या वर्षी निघणार, आणि पदव्युत्तर पदवीही तेव्हाच. तिच्या बँकेने शिक्षणासाठी दिलेली रजा मात्र या उन्हाळ्यात संपत होती.

ती दिवसभर उपाहारगृहात, वाचनालयात, जिन्यावर भेटेल त्याला विचारत सुटली. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मुलं हुंडीसर म्हणत, आणि त्यांच्या वर्गात पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे जास्त असत.

"ताई, तुझ्यासाठी जीव देईन," एक वर्गमित्र म्हणाला, "पण हुंडीसरांचा पेपर नाही देणार."

ती परत आली तेव्हा बाई पर्स खांद्याला लावून खिडकी बंद करायला उठल्या होत्या. तिचा चेहरा बघून त्या थांबल्या.

"नाही ना मिळालं कुणी? घरी कळवलंस?"

"अजून नाही. लेकीला सांगून ठेवलंय, उन्हाळ्यात येते आणि मग कुठे जात नाही. ती आजीकडे आहे. रोज विचारते."

बाईंनी खिडकीची कडी सोडली. मग त्या पर्स टेबलावर ठेवून पुन्हा खुर्चीत बसल्या आणि चष्मा लावला.

"इथल्या कर्मचाऱ्यांना सत्रात एक विषय फुकट घेता येतो. आजवर कुणी घेतलेला नाही, ती गोष्ट वेगळी."

"बाई, पण या वर्गाला आधीची पदवी लागते."

"आहे की! खिडकीमागे बसते म्हणून काय अंगठेबहाद्दर समजलीस मला?" त्या स्वतःचं नाव टाइप करू लागल्या.

"अहो, ते सर नापास करतात."

"करू देत. मला कुठे कुणाला गुणपत्रिका दाखवायचीय! वर्षानुवर्षं त्यांच्या प्रवासाची बिलं अडवत आलेय मी. त्यांनाही एकदा उट्टं काढू दे."

बाईंनी बटण दाबलं. ओळ हिरवी झाली.

ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली, थेट फरशीवर. सकाळपासून घट्ट आवळलेली मूठ तिने उघडली. तळव्यावर नखांचे चार अर्धचंद्र उमटले होते. मग तिने घरी फोन लावला. "हो गं बाळा, उन्हाळ्यात. नक्की," एवढंच ती म्हणाली.

फोन ठेवेपर्यंत बाईंनी पंखा बंद केला होता.

"बरं, आता खरं सांग. या विषयात असतं तरी काय?"

ती डोळे पुसत हसली. "मलाही माहीत नाही, बाई. तो सक्तीचा आहे, एवढंच वाचलं मी."

"छान! मग पहिल्या दिवशी लवकर जा आणि माझ्यासाठी जागा धर," खिडकी ओढून घेत बाई म्हणाल्या. "मागची हं. भिंतीजवळची."