डेलियाचा एक दिवस

पोटात डेलिया असताना ट्वायलाने नैराश्याच्या गोळ्या घेतल्या, कारण डॉक्टर म्हणाले होते, खुशाल घ्या. पोरगी हृदयाला भोक घेऊन जन्मली. गोळ्या बनवणाऱ्या कंपनीवरच्या खटल्यात चार वर्षं नुसत्या कागदांत गेली, आणि आता पोरीचे हाल ज्युरीला दिसावेत म्हणून हस्केल वकील कॅमेरावाल्याला घेऊन ओहायोतल्या तिच्या घरी आले होते.

"रोजचंच करू द्या तिला," वकील म्हणाले. "या दारापुढच्या अकरा पायऱ्या. मध्येच दम लागून बसते ना? तेच हवंय. आणि तू रे, ओठ निळे पडतात ते जवळून घे."

सहा वर्षांची डेलिया कॅमेरा बघून खुलली. आयुष्यात पहिल्यांदाच ती अकराच्या अकरा पायऱ्या न थांबता चढली आणि वरून ओरडली, "मॉम, बघितलंस? एकदाही नाही बसले!"

ट्वायलाने टाळ्या वाजवायला हात उचलले.

वकिलांनी कपाळाला हात लावला. "हे कंपनीवाल्यांच्या हाती लागलं ना, तर भरपाई आणि तिच्यातून व्हायचं पुढचं ऑपरेशन विसरा, बाई. म्हणतील, कसलं व्यंग? पोरगी तर धावतेय!"



ट्वायलाने हात खाली घेतले आणि पोरीला सांगितलं,

"छान चढलीस, राणी. आता खाली ये, आणि परत चढ. पण या वेळी रोजच्यासारखी पाचव्या पायरीवर बस."